अर्धा दिवस काम, अर्धा दिवस अभ्यास



हे पुस्तक तुम्ही दिवसाच्या कोणत्या वेळी उघडता, हा प्रश्न मी संपर्कवर्गात नेहमी विचारते. उत्तरे साधारण सारखीच असतात : रात्रीची भांडी आवरल्यावर, दुकान बंद केल्यावर, एस.टी.च्या प्रवासात, रात्रपाळीत थोडी उसंत मिळाली की. उत्तर देताना बहुतेकांचा स्वर ओशाळलेला असतो. ‘मॅडम, पूर्णवेळ शिकणाऱ्यांसारखा आमचा अभ्यास कुठला होणार?’ असे ते म्हणतात. कामातून वाचवलेल्या वेळात घेतलेले शिक्षण दुय्यम असते, ही समजूत त्यामागे असते. ती एके काळी माझीही होती. ती कशी ढळली हे सांगण्यासाठी तुम्हांला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून बरेच दूर, इस्रायलच्या नेगेव वाळवंटात न्यावे लागेल.

1992 साली भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. त्यानंतर काही वर्षांनी मी तिकडे गेले. पीएच.डी.साठी मी बेने इस्रायल समाजाच्या मराठीचा अभ्यास करीत होते. शतकानुशतके कोकणात राहिलेला हा ज्यू समाज. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे. 1948 नंतर त्यांच्यापैकी पुष्कळजण इस्रायलला गेले आणि दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशा गावांत वसले. त्यांची आजची मराठी समजून घ्यायची, तर तिच्यात मिसळलेली हिब्रू मला येणे आवश्यक होते. म्हणून पाच महिने मी एका किबुत्झवर राहिले.

किबुत्झ म्हणजे सामुदायिक मालकीची वसाहत. ‘एकत्र जमणे’ या अर्थाच्या धातूपासून हा शब्द झाला आहे. गालिली सरोवराकाठी 1910 साली देगानिया ही अशी पहिली वसाहत उभी राहिली. जमीन सर्वांची, स्वयंपाकघर एक, आणि काम कोणतेही असले तरी प्रत्येकाचा वाटा सारखा, हे तिचे तत्त्व. आपल्याकडे ग्रामदानाची चळवळ चालू असताना जयप्रकाश नारायण 1958 साली या वसाहती पाहण्यासाठी इस्रायलला जाऊन आले होते. बाहेरून आलेल्यांना हिब्रू शिकवण्यासाठी अनेक किबुत्झांवर ‘उल्पान’ नावाचे वर्ग चालत. त्यांचा नियम साधा होता : अर्धा दिवस काम, अर्धा दिवस भाषा. फी घेत नसत. राहणे, जेवण आणि थोडा हातखर्च कामाच्या बदल्यात मिळे.

आमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. भोजनगृहाबाहेरच्या फळ्यावर आदल्या रात्री कामाची यादी लागे आणि तीत आपले नाव शोधणे हा तिथला पहिला वाचनपाठ असे. कुणाचे नाव गोठ्यात, कुणाचे बागेत, कुणाचे धुलाईघरात. पन्नाशीचे हिशेबनीसही पाळीच्या दिवशी सर्वांच्या ताटल्या धूत. उन्हे चढण्याआधी शेतातले काम आटोपे. मग न्याहारी : काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, उकडलेली अंडी, ऑलिव्ह, पांढरे चीज आणि पाव. पहिल्या आठवड्यात मला ज्वारीच्या भाकरीची आणि ठेचाची इतकी आठवण आली, की त्या चीजवर मी तिखट मागून घेतले. न्याहारीनंतर चार तास वर्ग चाले. दुपारी झोप, संध्याकाळी गृहपाठ. कपड्यांवर प्रत्येकाचा क्रमांक उमटवलेला असे. धुतलेले कपडे क्रमांकाच्या खणातून उचलायचे. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सारे काम थांबे, टेबलांवर पांढऱ्या चादरी येत आणि शनिवारभर वसाहत शांत असे.

माझे नाव बहुतेक दिवस बागेच्या यादीत असे. तिथे पाण्याच्या नळ्या तपासायच्या आणि कचरा अडकलेली छिद्रे मोकळी करायची. ठिबक सिंचनाचे उत्पादन ज्या हात्झेरीम किबुत्झवर 1965 साली सुरू झाले, ते याच नेगेवमध्ये आहे. पाणी सोडणाऱ्या त्या लहानशा तोटीला हिब्रूत ‘ताफ्तेफेत’ म्हणतात. थेंब म्हणजे ‘तिपा’, थेंबथेंब गळणे म्हणजे ‘तिफ्तुफ’. मी तिथेच मातीत बसून हसले. आपले ‘टिपूस’, ‘टपटप’, ‘ठिबकणे’ मला आठवले. या दोन भाषांचे कूळ एक नाही. पण पाण्याचा आवाज दोघींनी सारखाच ऐकला होता. हा शब्द मला कधी पाठ करावा लागला नाही. वर्गात वहीत उतरवलेले शेकडो शब्द मी विसरले. बोटांतून आलेले आजही आठवतात. माझ्या शेजारी रशियातून आलेले एक अभियंते बसत. त्यांनाही व्याकरणाआधी चमचा, पातेले आणि साबण हे शब्द आले, कारण त्यांची पाळी स्वयंपाकघरात होती.

एके दिवशी शिक्षिकेने प्रत्येकाला आपल्या घरच्या कामाविषयी पाच वाक्ये बोलायला सांगितली. मी ‘विद्यापीठात संशोधन करते’ असे सांगून थांबले. त्या म्हणाल्या, ‘हे तुझे काम झाले. घरचे कोणते?’ मी गप्प राहिले. घरचे काम म्हणजे कापूस वेचणे. दहावीपर्यंत प्रत्येक दिवाळीच्या सुटीत मी आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात कमरेला ओटी बांधून वेचणीला गेले होते. मजुरी किलोवर मिळे. विद्यापीठात गेल्यापासून हे मी कुणाजवळही बोलले नव्हते. त्या दिवशी मोडक्या हिब्रूत बोलले. वर्गाला त्यात नवल वाटले नाही. तेही पहाटेपासून मातीतच होते. शिक्षिकेने फळ्यावर कापूस, बोंड, वेचणे हे शब्द लिहिले आणि सगळ्यांनी ते उतरवून घेतले.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण सांगते. पीएच.डी.आधी एम.फिल.साठी मी वऱ्हाडीतील शेतीविषयक शब्दांचा अभ्यास केला होता. पऱ्हाटी, सरकी, कवडी, फरदड, निंदण, डवरणी, धुरा, सीतादही असे कितीतरी शब्द त्यात होते. त्यांतले निम्म्याहून अधिक शब्द मला एकाच व्यक्तीने दिले होते. प्रबंधाच्या परिशिष्टात तिची नोंद अशी आहे : ‘निवेदक क्रमांक 3. स्त्री, वय 52, शिक्षण नाही, व्यवसाय शेतमजुरी.’ ती माझी आई होती. निवेदकाचे नाव न देण्याची शास्त्रीय पद्धत आहे, असे मी स्वतःला सांगितले होते. पण ऋणनिर्देशात मार्गदर्शकांची, ग्रंथपालांची, टंकलेखकाचीही नावे होती. तिथे आई नव्हती. त्याला शास्त्र कारण नव्हते. मला लाज वाटली होती.

किबुत्झ म्हणजे आदर्श गाव, असे मात्र मी म्हणणार नाही. दर शुक्रवारी सकाळी मी बसने दिमोन्याला जाई आणि बेने इस्रायल कुटुंबांतील वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करी. पेणजवळच्या खेड्यातून आलेल्या एका आजींना मी किबुत्झचे कौतुक सांगत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘पोरी, तिथं सगळी सारखी, हे खरं. पण फाटकाच्या आतली. आम्ही रोजानं जायचो, तर डबा बाहेर झाडाखाली खायचो.’ मी ध्वनिमुद्रण थांबवले नाही. पुढे काय विचारावे, ते मात्र मला सुचले नाही. समतेच्या ज्या भोजनगृहात मी ताटल्या धूत होते, त्याच्या भिंतीला दुसरी बाजूही होती. पुढे तर कर्जाच्या संकटानंतर बहुतेक किबुत्झांनी समान वाट्याचे तत्त्व सोडले. देगानियानेही 2007 साली सोडले.

हिब्रूत कामाला ‘अवोदा’ म्हणतात. प्राचीन ग्रंथांत देवाच्या उपासनेसाठीही हाच शब्द येतो आणि गुलामाला असलेला ‘एवेद’ हा शब्दही याच धातूतून निघतो. काम, पूजा आणि गुलामी एका धातूत राहतात. आपल्याकडे सावता माळ्यांनी मळ्यातल्या कामातच देव पाहिला. शेगावला आजही सेवाधारी पाळीने झाडलोट करतात आणि पंगती वाढतात. पण माझ्या आईच्या वाट्याला आलेले काम पूजा नव्हते. हात तेच असतात. कष्टाला मान आणि मोबदला मिळतो की नाही, यावर त्याचे नाव ठरते. किबुत्झने मला एवढे शिकवले, की काम करणाऱ्याला त्याच दिवशी पुस्तक मिळाले, तर दोहोंचा दर्जा वाढतो. त्या आजींनी हे शिकवले, की हा अधिकार फाटकाच्या आतल्यांपुरता ठेवला तर त्याला समता म्हणता येत नाही.

पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण झाला तेव्हा ऋणनिर्देशात पहिले नाव मी आईचे लिहिले. तिला वाचता येत नव्हते. मी तिला ते वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘त्या पहिल्या पुस्तकात होतं का?’ मी नाही म्हटले. ‘मंग त्यातबी लिव्ह,’ एवढेच ती म्हणाली आणि कामाला लागली. छापील प्रबंधात बदल करता येत नाही. माझ्याजवळच्या प्रतीत मात्र क्रमांक 3 पुढे मी पेनाने तिचे नाव लिहिले आहे.

म्हणून, मित्रहो, हा पाठ संपल्यावर एक स्वाध्याय करा. तुमच्या कामात रोज वापरले जाणारे आणि शब्दकोशात सहसा न सापडणारे वीस शब्द लिहा : शेतातले, गिरणीतले, दवाखान्यातले, बस-आगारातले, स्वयंपाकघरातले. प्रत्येकापुढे अर्थ लिहा आणि तो शब्द तुम्हांला कुणी दिला, त्या माणसाचे नावही लिहा. संपर्कवर्गाला येताना ती वही बरोबर आणा. भाषाविज्ञानाचा पहिला पाठ आपण तिच्यातून सुरू करू.