ओढ दोघांची

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. गौरीजेवण आटोपल्यावर आमची पुतणी माजघरांत धाकट्या मुलांना हायड्रोजनच्या अणूविषयीं सांगत बसली होती. तिच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंनीं, वेगळें बिऱ्हाड केल्यास दोन वर्षें झालीं होतीं. सणावारीं ते मुलीला तेवढें धाडीत, स्वतः येत नसत. थोरल्यानें आधीं पाऊल उचलावें, हें आम्हांसहि रुचत नव्हतें.

मध्यें प्रोटॉन, भोंवतीं इलेक्ट्रॉन, हें ऐकून आम्ही सहज म्हणालों, "म्हणजे थोरला ओढतो आणि धाकटा त्याच्याकडे येतो."

"नाहीं, मोठेकाका," ती म्हणाली, "इलेक्ट्रॉनहि प्रोटॉनला तितक्याच जोरानें ओढतो."

आम्हांस हें खरें वाटेना. रात्रीं तिचेंच पुस्तक घेऊन बसलों, तेव्हां आमची चूक उमगली. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारें १८३६ पट जड. परंतु दोघांचा विद्युद्भार अगदीं सारखा, एकाचा धन व दुसऱ्याचा ऋण, इतकाच भेद. ओढहि परस्परांवर समसमान. मात्र हलका इलेक्ट्रॉन पुष्कळ हलतो आणि जड प्रोटॉन अगदीं थोडा. म्हणून ओढ एकाचीच, असा पाहणाराचा समज होतो.

प्रोटॉन हलतो यास पुरावाहि आहे. अणूंतून निघणाऱ्या प्रकाशरेषांच्या जागा या हालचालीनें किंचित् बदलतात. जड हायड्रोजनचें केंद्र साध्या हायड्रोजनच्या सुमारें दुप्पट जड असल्यानें तें आणखी कमी हलतें व रेषा जराशा सरकतात. त्या सरकलेल्या रेषांवरूनच हॅरॉल्ड यूरी व त्यांचे सहकारी यांनीं १९३१ सालीं जड हायड्रोजन शोधून काढला. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरतो, हें बोर यांचें १९१३ चें चित्र पुढें मागें पडलें. दोघांची ओढ सारखी, ही गोष्ट टिकली.

पुस्तक मिटलें, पण झोंप येईना. दर सणाला मुलीला धाडणें ही धाकट्याची ओढच होती. आमची ओढ मात्र आम्ही वडीलपणाच्या वजनाखालीं दडपून ठेविली होती.

दुसऱ्या दिवशीं गौरींचें विसर्जन झाल्यावर पुतणीला पोंचविण्याच्या निमित्तानें आम्ही स्वतः निघालों. दार बंधूंनींच उघडलें. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग आंत वळून त्यांनीं हांक मारली, "अहो, दादा आले आहेत. पान वाढा."