टॉलरन्स

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला बारकीचा फोन आला. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. एवढ्या रात्री घरून फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. कॅरमचा डाव अर्धा सोडून मी गॅलरीत पळालो.

"दादा, मला लेटर आलंय!"

"कसलं लेटर? कुणाचं?" मी जरा मोठ्या भावाचा आवाज काढला.

"अरे, स्कॉलरशिपचं! कॉम्प्युटरला ५० टक्के मेरिट स्कॉलरशिप. माझं नाव सोनेरी अक्षरांत छापलंय."

मी एकदम गप्प झालो. कारण तीन वर्षांपूर्वी, २०२३ च्या जूनमध्ये, असंच एक लेटर आमच्या घरी आलं होतं. तेव्हा सोनेरी अक्षरांतलं नाव माझं होतं.

आमचं घर नागापूरला. नगर-मनमाड रस्त्यावर, एमआयडीसीला अगदी खेटून. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय.) आमच्याकडे घड्याळ बघायची गरज पडत नाही. गल्लीतल्या गाड्या सुरू झाल्या की समजायचं, शिफ्ट सुटली किंवा भरली. पप्पा आयटीआयचे टर्नर. एका छोट्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं मशीनवर उभे आहेत. तेव्हा त्यांचा पगार महिन्याला २४,००० रुपये होता. आई पापड-कुरडया करून विकते आणि भिशी चालवते. आमच्या घरातली खरी बँक म्हणजे आईची भिशी!

तर ते लेटर. एका खासगी विद्यापीठाचं. जाड कागद, वर शिक्का, आत लिहिलेलं की आपल्या गुणवत्तेचा गौरव म्हणून आपणांस ट्युशन फीमध्ये ४० टक्के मेरिट स्कॉलरशिप देण्यात येत आहे. ब्रँच कॉम्प्युटर. सीईटीत मला ९१ पर्सेंटाइल होते आणि मी फॉर्ममध्ये भरलेल्या कॉलेजांत कॉम्प्युटरला नंबर लागायची आशा नव्हती. त्यात हे लेटर! आईनं देवापुढे ठेवलं. शेजारच्या काकूंना पेढे गेले. मी मनातल्या मनात तिथल्या एसी लायब्ररीत जाऊनही बसलो.

पप्पा रात्री दहाला सेकंड शिफ्ट करून आले. हातपाय धुतले, चष्मा लावला आणि लेटर वाचायला घेतलं. पुढून वाचलं, मागून वाचलं. मग म्हणाले, "ह्यात टॉलरन्स किती दिलाय?"

मला काही कळेना. स्कॉलरशिपला कसला टॉलरन्स?

त्यांनी मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. प्रत्येक वर्षाअखेर सीजीपीए ८.५ किंवा त्याहून अधिक असणं आवश्यक. एकदा खाली गेल्यास शिष्यवृत्ती बंद, ती पुन्हा सुरू होणार नाही. पप्पा म्हणाले, "वरच्या बाजूला मोकळं सोडलंय आणि खालच्या बाजूला मायनस झीरो. आरं, असं ड्रॉइंग आलं तर आमचा मालक रेट द्यायच्या आधी दहा वेळा विचार करतो. निम्मं रिजेक्शनमध्ये जातं."

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "पप्पा, हे काय लोखंड आहे का? तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

ते काहीच बोलले नाहीत. जेवले आणि झोपले. मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. इकडे लेटरमध्ये लिहिलं होतं की सात दिवसांत २५,००० रुपये भरून जागा पक्की करा. कॅप राउंडची यादी त्यानंतर लागणार होती.

चौथ्या दिवशी मला टेबलावर वहीचा एक कागद सापडला. पप्पांचं अक्षर. वर्कशॉपमध्ये जॉबचं कोटेशन काढतात ना, मटेरियल किती, मशिनिंग किती, हीट ट्रीटमेंट किती, रिजेक्शन किती, तस्संच माझ्या शिक्षणाचं कोटेशन काढलं होतं.

डाव्या बाजूला खासगी विद्यापीठ. ट्युशन फी वर्षाला ३,२०,०००. स्कॉलरशिप वजा १,२८,०००. राहिले १,९२,०००. होस्टेल आणि मेस १,३०,०००. म्हणजे वर्षाला ३,२२,००० आणि चार वर्षांचे १२,८८,०००. त्याखाली 'रिजेक्शन धरून' असं लिहिलं होतं. पहिल्या वर्षानंतर स्कॉलरशिप गेली तर अधिक ३,८४,०००. एकूण १६,७२,०००.

उजव्या बाजूला आपलं कॉलेज, ट्युशन फी वेव्हर स्कीममधून, म्हणजे टीएफडब्ल्यूएसमधून. ब्रँच मेकॅनिकल. पप्पांनी कारखान्यातल्या एका साहेबांना विचारून ही माहिती काढली होती. ट्युशन फी शून्य. बाकीच्या फिया १६,०००. होस्टेल-मेस ६२,०००. वर्षाला ७८,००० आणि चार वर्षांचे ३,१२,०००.

दोन्ही रकान्यांच्या खाली, कागदाच्या तळाला एक ओळ होती : 'बारकी – ३ वर्षांनी'. तिच्यापुढचा आकडा कोरा होता.

मित्रांनो, खरं सांगतो, त्या कोऱ्या जागेनं माझी जिरवली. माझ्या कुठल्याच हिशेबात बारकी नव्हती. ती तेव्हा दहावीत गेली होती आणि गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. पुढे कळलं की आई गुपचूप सराफाकडे जाऊन पाटल्यांचं वजन करून आली होती. म्हणजे घरातले सगळे हिशेब करत होते. फक्त ज्याच्यासाठी चाललं होतं तो रुसून बसला होता.

पप्पांनी बँकेतही विचारलं होतं. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारण न ठेवता मिळू शकतं. पण ते वजा स्कॉलरशिपसारखं नाही, ते अधिक व्याज आहे. समजा, डिग्रीच्या शेवटी डोक्यावर ७,५०,००० रुपये आहेत, व्याज १० टक्के आणि मुदत ७ वर्षं, तर हप्ता येतो साधारण १२,४५०. पप्पांच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त! शिवाय आपण शिकत असतानाही व्याजाचं मीटर चालूच असतं. कर्ज वाईट असं नाही. पण 'कर्ज काढू की' हे जेवढं पटकन म्हणतो, तेवढं पटकन ते फिटत नाही.

आता जरा इतिहास. एवढे हिशेब करायची वेळ आपल्यावर का आली? १९८३ च्या आधी महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं तर कॉलेजं मोजकीच होती. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि विळद घाट इथं इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. विळद घाट तर नागापूरहून मनमाड रोडनं थोडं पुढे गेलं की येतोच. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या पोराला घराजवळ इंजिनिअरिंग मिळालं, पण अनुदान नाही म्हणजे खर्च विद्यार्थ्याच्या फीतूनच निघणार. डोनेशनला आळा घालायला १९८७ साली राज्यात कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्याच्या निकालानं 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' आल्या. हे शब्द अजून आपल्या मामा-काकांच्या तोंडी आहेत. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानं ती पद्धत गेली. पुढे २०१५ च्या राज्याच्या कायद्यानं खासगी विनाअनुदानित कॉलेजांच्या फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरण आलं.

या सगळ्यातून मला एक गोष्ट समजली. मदत दोन प्रकारची असते. एक नियमानं मिळणारी आणि दुसरी देणाऱ्याच्या मर्जीनं मिळणारी. टीएफडब्ल्यूएस ही पहिल्या प्रकारातली. मंजूर जागांच्या ५ टक्के जागा वरून वाढवून मिळतात. साठच्या वर्गात तीन. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि मेरिटनं नंबर लागायला हवा. ट्युशन फी माफ होते, बाकीच्या फिया भराव्या लागतात. ८.५ वगैरे अट नाही. पण एक मेख आहे. ब्रँच बदलता येत नाही आणि कॉलेजही बदलता येत नाही. हाही एक टॉलरन्सच की!

दुसरी नियमाची मदत म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, जिला आपण अजून ईबीसीच म्हणतो. कॅपमधून प्रवेश आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत, तर निम्मी ट्युशन फी. महाडीबीटीवर फॉर्म भरायचा आणि वाट बघायची... ही वाट कशी असते ते आपल्या होस्टेलला मी काय सांगणार! पैसे येतात, पण आपल्याला हवे त्या तारखेला येत नाहीत. शिवाय खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. म्हणजे तिथलं लेटर घेतलं की सरकारी मदतीचं दार बंद. हे त्या सोनेरी लेटरवर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

शेवटी मी इथं आलो. मेकॅनिकलला. राजीखुशीनं आलो असं म्हणालो तर रूममेट हसतील. पहिलं दीड वर्ष कॉम्प्युटरची पोरं दिसली की माझं तोंड कडू व्हायचं. पहिल्या सेमिस्टरला ६.८ पडले. ड्रॉइंगनं घाम काढला. वर्षाअखेर ७.१ वर आलो. निकालाच्या दिवशी मेसमध्ये बसून मी मनात ३,८४,००० हा आकडा लिहिला आणि खोडला. तिथं असतो तर त्याच दिवशी तो पप्पांच्या खात्यावर पडला असता.

मी त्यांना फोन केला. "पप्पा, ७.१ पडले." ते म्हणाले, "पास ना? मग जेव." त्या रात्रीच्या बोलण्याबद्दल मला माफी मागायची होती. तोंडून शब्द फुटला नाही. म्हणालो, "पप्पा, टॉलरन्स बरोबर होता तुमचा." पलीकडे मशीनचा आवाज येत होता. ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. माझ्याच क्लासमधल्या एका मित्राला तेच लेटर आलं होतं. तो गेला, नऊच्या वर सीजीपीए टिकवून आहे आणि खूश आहे. त्याच्या घरी उरलेली फी भरायची ऐपतही होती. दुसरा एक जण ८.३ वर घसरला. ८.३ म्हणजे आपल्याकडे पोरगा पार्टी देतो! त्याच्या घरच्यांनी प्लॉट विकला. दोघंही हुशारच. आणि नंतर गप्पा मारताना कळलं की आमच्या क्लासमधल्या बऱ्याच जणांना कमी-जास्त टक्क्यांची लेटरं आली होती. म्हणजे ज्याला मी गौरव समजत होतो तो बराचसा छापील किमतीवरचा डिस्काउंट होता. दिवाळीच्या सेलमध्ये कापड दुकानदार आधी किंमत लिहितो आणि मग खोडतो, तसा.

म्हणून आपल्या धाकट्या भावा-बहिणींना असं लेटर आलं तर चार प्रश्न विचारायला सांगा. एक, टक्के नकोत, चार वर्षांत खिशातून जाणारे एकूण रुपये किती, होस्टेल-मेस धरून? दोन, स्कॉलरशिप कशानं बंद होते आणि बंद झाली तर पुढची वर्षं आपण भरू शकतो का? तीन, ही मदत घेतली तर सरकारची कुठली मदत हातची जाते? चार, जागा पक्की करायची तारीख कॅपच्या यादीआधीची का आहे आणि सोडलं तर पैसे परत मिळतात का? या चारही प्रश्नांची लेखी उत्तरं समाधानकारक असतील तर खुशाल जा. मेरिटची मदत घेणं यात कमीपणा काहीच नाही.

बारकीचा हिशेब तर माझ्याहून सोपा आहे. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आमच्याकडे दाखला आहे. पण खासगी विद्यापीठं इथंही वगळलेली आहेत. म्हणजे तिच्या हातात सोनेरी ५० टक्के आणि समोर साधे, काळ्या शाईतले १०० टक्के.

हे सगळं मी त्या रात्री गॅलरीत उभा राहून तिला सांगायला लागलो. तिनं मध्येच तोडलं.

"दादा, लेक्चर नको देऊस. पप्पांनी कागद काढलाय. आणि ह्या वेळी कोटेशन मी काढलंय, ते फक्त चेक करतायत."

मागून पप्पांचा आवाज आला, "त्याला विचार, होस्टेलची फी यंदा किती वाढली?"

मी विचारलं, "का? तिला इकडंच पाठवताय का?"

"यादी लागू दे आधी," ते म्हणाले. "रेट सगळीकडचे घेऊन ठेवायचे असतात."

कॅपची यादी अजून लागायची आहे. मी होस्टेलच्या ऑफिसातून नवी फी विचारून पाठवली आहे.