खाली म्हणजे कुठे?

ग्रुप टूरमध्ये कोण कसं आहे ते मागच्या सीटवरून कळतं. आमची गाडी झायलो, ड्रायव्हर धरून सात जण. मी आणि माझी नागपूरची फिजिओथेरपिस्ट मैत्रीण, कोल्हापूरचं नवं जोडपं, हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आणि ठाण्याच्या काकू. हिंजवडीवाल्याने हानलेच्या आकाशगंगेसाठी हप्त्यांवर लेन्स घेतली होती. काकू बँकेतून रिटायर झालेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या. सीटचा विषय निघाला की त्यांचं वाक्य ठरलेलं, "मला मागे चालेल गं."

मागे म्हणजे चाकावर. लेह सोडून टांगलांग ला ओलांडेपर्यंत चकचकीत डांबर होतं, त्यामुळे ते कळलं नाही. मग डेब्रिंगजवळ मनालीचा रस्ता सोडून आम्ही त्सो कारकडे वळलो आणि डांबर संपलं. पुढचा रस्ता म्हणजे आडवा टाकलेला पन्हळी पत्रा. सुट्या मातीवरून वेगाने जाणाऱ्या चाकांनीच या लाटा तयार होतात, आणि एकदा झाल्या की प्रत्येक गाडी त्या आणखी पक्क्या करते. हळू गेलं तर एकेक लाट मणक्यात मोजून घ्यायची, जोरात गेलं तर गाडी लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जाते पण स्टिअरिंग कुणाचं ऐकत नाही. तिसरा उपाय म्हणजे रस्ता सोडून शेजारून नवी वाट पाडायची. त्या मैदानात अशा दहा-दहा वाटा समांतर गेलेल्या दिसतात. ज्या खुरट्या गवतावर चांगपा लोकांच्या पश्मिना शेळ्या जगतात, त्याच्यावरूनच. आमचे ड्रायव्हर, ज्यांना आम्ही सगळे 'आचो' म्हणजे दादा म्हणत होतो, पन्हळीवरूनच नेत होते. "घास है उधर," एवढंच म्हणाले.

हे चांगथांग. तिबेटपर्यंत पसरलेलं पठार, हिमालयाच्या पर्जन्यछायेतलं. लेहमध्येच वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात एखाद्या मुसळधार दिवसात तेवढा पडून जातो. वाळवंट म्हणजे उकाडा हे डोक्यात इतकं घट्ट असतं, की जॅकेट घालून वाळवंटात फिरताना काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. त्सो कारच्या काठावर पांढरं मीठ, लांबवर कियांगांचा कळप, पूगाच्या खोऱ्यात जमिनीतून वाफा आणि गंधकाचा वास. फोटो भरपूर निघाले. काकू मात्र पूगाला गाडीतून उतरल्याच नाहीत. "ऊन लागतंय," म्हणाल्या.

संध्याकाळी कोरझोक. त्सो मोरीरीच्या काठावरचं गाव, उंची ४,५०० मीटरच्या वर. सरोवरावर पट्टकदंब होते. हिवाळ्यात भिगवणला बघायला जातो तेच हंस. त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतून ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, म्हणून त्यांना उजनीच्या पाण्यावरून इथवर येणं जमतं. आपल्याला तशी सोय नाही. इथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी ऑक्सिजन. कोव्हिडमध्ये ९४च्या खाली आकडा गेला की घरात रडारड व्हायची, आणि इथे जेवणाच्या टेबलावर ऑक्सिमीटर फिरत होता आणि ८३वाला ८१वाल्याला हसत होता. काकूंनी बोट पुढे केलं नाही. "माझी नखं रंगवलीत, नीट दाखवत नाही," असं सांगून झोपायला गेल्या.

३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. लेह ३,५०० मीटरवर. म्हणजे आम्ही एका दिवसात हजार मीटर वर येऊन झोपत होतो. टूरवाल्यांच्या रंगीत पीडीएफमध्ये हे 'डे थ्री' होतं.

रात्री पावणेदोनला मैत्रिणीने मला हलवलं. काकू बाहेर उलट्या करत होत्या. डोकं कालपासूनच दुखत होतं, टांगलांग लापासून. सांगितलं नाही, कारण "तुमची सगळ्यांची ट्रिप आहे गं, पैसे भरलेत तुम्ही."

मैत्रिणीने त्यांना टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. पोलीस दारू प्यायलेल्यांना चालवतात तसं. चौथ्या पावलाला काकू भिंतीवर गेल्या. मैत्रीण मराठीत काहीच बोलली नाही, थेट आचोंना उठवायला गेली. तोल जाणं म्हणजे सूज मेंदूपर्यंत पोचलेली असू शकते, आणि यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं.

पण खाली म्हणजे कुठे? हरिश्चंद्रगडावर कुणाला बरं वाटेनासं झालं तर खिरेश्वरला उतरता येतं. इथे गाव पठाराच्या तळाशीच होतं. त्सो मोरीरीतून एकही नदी बाहेर पडत नाही, म्हणून तर त्याचं पाणी मचूळ आहे. पाण्यालासुद्धा तिथून खाली जायला वाट नाही. आम्हाला उतरण्यासाठी आधी नामशांग ला चढायचा होता, मग सुमदो, मग माहेला सिंधू, आणि मग तिच्या काठाने लेहपर्यंत. सव्वादोनशे किलोमीटर.

हिंजवडीवाला म्हणाला, "सकाळपर्यंत ऑक्सिजन लावून बघूया ना. अंधारात हा रस्ता..." त्यात लेन्सचा हिशेब किती आणि रस्त्याची भीती किती, हे मला सांगता येणार नाही. मुद्दा अगदीच खोटाही नव्हता. आचोंनी बूट घालता घालता ऐकून घेतलं. "सुबह तक बैठेंगे तो सुबह कौन उठाएगा इनको?"

अडीचला निघालो. पहिल्यांदाच काकू पुढच्या सीटवर. मी मधल्या सीटवरून त्यांच्या तोंडाशी मास्क धरलेला, आणि पन्हळीच्या प्रत्येक लाटेला तो नाकावरून सरकायचा. घाट चढताना त्या माझ्या मैत्रिणीला दोनदा "वसुधा" म्हणाल्या. आम्ही कुणी वसुधा नव्हतो. मागच्या सीटवर हिंजवडीवाला, मांडीवर दुसरा सिलिंडर, हात त्याच्या नळीवर. वर आकाशात काय होतं ते खिडकीच्या धुरळ्यातून कुणी पाहिलं नाही.

माहेचा पूल ओलांडला तेव्हा उजाडत होतं. उजवीकडे न्योमा, हानले. आमच्या परवान्यावर तीच नावं होती. आचोंनी डावीकडे घेतलं, नदी वाहते त्या दिशेने. चुमाथांगला काकूंनी मास्क बाजूला करून विचारलं, "कुठे आलो? चहा मिळेल का?" कोल्हापूरची ती नवी नवरी, जी दोन दिवस फक्त रील काढत होती, ती ढसाढसा रडायला लागली.

लेहच्या सरकारी दवाखान्यात काकू दोन रात्री होत्या, मग दिल्लीच्या विमानात बसल्या. आठवड्याने आमच्या प्रत्येकाच्या यूपीआयवर पाच हजार आले, खाली लिहिलेलं, 'हानलेचे'. आधी हिंजवडीवाल्याने परत पाठवले. त्यांनी पुन्हा टाकले. मग आम्ही सगळ्यांनी परत केले. काकूंनी ग्रुपवर लिहिलं, पत्ते पाठवा, दिवाळीला भाजणी पाठवते, ती तरी परत करू नका.