तीन आठवड्यांचं काम

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सेंटरच्या आसपासच्या खोल्या आधीपासून सांगून ठेवलेल्या असतात. बार्शी, उदगीर, दहिवडी, कधी निपाणीहूनही माणसं येतात. मूल, आई, बहुतेक वेळा आजी, सोबत शेगडी आणि ज्वारीचं पीठ. बाबा पोहोचवून परत जातात, रजा तेवढीच असते. पुण्यात तीन आठवडे राहायचं, रविवार सोडून रोज तीन तास व्यायाम करायचा आणि शाळा उघडायच्या आत घर गाठायचं. एरवी आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास मिळणारी फिजिओथेरपी अशी एकगठ्ठा घेण्याला आम्ही 'इंटेन्सिव्ह' म्हणतो. मुलं बहुतेक सेरेब्रल पाल्सीची. बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही, दिवस भरायच्या आधी आलं, कावीळ फार वाढली, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, असं आया सांगत जातात आणि मी केस पेपरवर लिहून घेते. मोठी माणसं येतात ती पॅरॅलिसिसच्या झटक्यानंतर, नाहीतर गाडीवरून पडून डोक्याला मार लागल्यावर.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, चालेल ना?"

याचं उत्तर मी टाळत नाही. १९९७ साली पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीचं मूल आधाराशिवाय चालतं, पाचव्या पायरीच्या मुलाला मान धरणंही अवघड असतं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ६५७ मुलांना पुन्हा पुन्हा तपासून त्यांच्या वाढीचे आलेख काढले गेले, ते २००२ साली प्रसिद्ध झाले. पाचव्या पायरीचं मूल आपल्या आवाक्यातल्या मोठ्या हालचालींपैकी ९० टक्के पावणेतीन वर्षांच्या आसपास गाठतं, पहिल्या पायरीचं पाचेक वर्षांपर्यंत. म्हणून चौथ्या पायरीचं सात वर्षांचं मूल तीन आठवड्यांत चालू लागणार नाही, हे मला बोलावं लागतं. ते मी पॅसेजमध्ये उभ्याउभ्या बोलत नाही. दार लावून, आई-बाबा दोघांना समोर बसवून बोलते, बाबा गावी परतले असतील तर फोनवर त्यांना दाखवत बोलते. कुणी यासाठी म्हैस विकलेली असते, कुणी दागिने ठेवलेले असतात. त्या माणसांना खरं ऐकायचा हक्क आहे.

पण ते आलेख बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं एवढ्याबद्दलच बोलतात. मूल स्वतःच्या हाताने जेवेल का, खुर्चीतून पलंगावर सरकेल का, वर्गात हात वर करून आपलं म्हणणं सांगेल का, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तीन आठवड्यांचं काम तिथे असतं, आणि त्यातलं सगळ्यात अवघड काम पहिल्या दोन दिवसांत होतं: एकच गोष्ट निवडणं.

साताऱ्याकडची दुसरीतली एक मुलगी होती. दोन्ही पाय ताठ, गुडघे एकमेकांना घासणारे, टाचा जमिनीला न टेकणाऱ्या. वॉकर धरून ती वर्गापर्यंत जायची. बाबांचं म्हणणं होतं, वॉकर सुटला पाहिजे. मी तिला विचारलं. तिने आईकडे बघून घेतलं आणि मग म्हणाली, "मधल्या सुट्टीत आई येते, ते मला नको." शाळेत तिला बाथरूमला न्यायला आई रोज जायची. त्यापायी आईची शिवणकामाची नोकरी सुटली होती. हे घरात कुणी बोलून दाखवलेलं नव्हतं, पोरीने मात्र ते ओळखलं होतं.

मग आम्ही बाथरूमला जाणं उलगडून मांडलं. वॉकर दाराशी लावायचा, वळायचं, एका हाताने काहीतरी धरून दुसऱ्या हाताने पँट गुडघ्यापर्यंत खाली घ्यायची, कमोडवर बसायचं, पाणी घ्यायचं, उठायचं, पँट वर, पुन्हा वॉकर. तिचं अडत होतं एकाच ठिकाणी. उभं राहताना तिला दोन्ही हात लागायचे, त्यामुळे पँटला हात उरायचा नाही. एक हात मोकळा ठेवून तोल धरणं, एवढंच आमचं तीन आठवड्यांचं काम ठरलं. कमरेला इलॅस्टिकचा सैल पट्टा घालायचा, तो एका हाताने खाली न्यायचा, वर आणायचा. स्टुलावरून उठायचं, स्टूल रोज थोडं बुटकं करायचं. तिच्या वडिलांनी शाळेतल्या बाथरूमचा फोटो पाठवला, मापं कळवली. आमच्या बाथरूमला मी त्याच उंचीवर पाइप लावून घेतला, आणि तिकडे गावातल्या वेल्डिंगवाल्याने शाळेत तसाच पाइप बसवला. मुख्याध्यापकांनी गणवेशात हुकाच्या पँटऐवजी इलॅस्टिकची चालवून घेतली. तीन आठवड्यांनी वॉकर सुटला नाही. जुलैपासून आईचं मधल्या सुट्टीत शाळेत जाणं मात्र थांबलं. पायांची ताकद, पाइप आणि इलॅस्टिक यांतलं कशाने किती काम केलं, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही आणि सांगायची गरजही वाटत नाही.

तीन आठवडे सलग कशासाठी, असं पालक विचारतात. मेंदू एखादी हालचाल बसवतो ती आवर्तनांनी, आणि आवर्तनं आपल्याला वाटतात त्याहून फार जास्त लागतात. २००९ साली कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी झटका आलेल्या रुग्णांच्या ३१२ सेशन्समध्ये बसून नुसतं मोजलं. हाताच्या कामाचा सराव ज्या सेशन्समध्ये झाला, त्यांत तो सरासरी ३२ वेळा झाला. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसतो तो रोजच्या शेकडो आवर्तनांनंतर. म्हणून आमच्याकडे प्रत्येक मॅटजवळ बोटात घालायचा जपाचा काउंटर ठेवलेला असतो. नामस्मरणासाठी मिळतो तोच. आज्या तो हौसेने सांभाळतात आणि आकडा कधी चुकू देत नाहीत.

तासांचाही हिशेब आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हाताच्या सरावावरचे अभ्यास २०२० साली एकत्र तपासले गेले, तेव्हा असं दिसलं की एखादं ठरवलेलं काम जमायला १४ ते २५ तास लागतात आणि हाताचा एकूण वापर सुधारायला ३० ते ४०, घरचा सराव धरून. आमचे तीन आठवडे म्हणजे ५४ तास. आठवड्याला दीड तासाने तेवढं व्हायला आठ-नऊ महिने जातात, आणि मध्ये सर्दी, ताप, यात्रा, लग्नं असतातच.

मात्र मोजायचं काय, हे कळलं नाही तर काउंटरचा उपयोग नाही. मी मुलाचा पाय धरून शंभर वेळा उचलला तर व्यायाम माझा होतो. मुलाने स्वतः केलेला प्रयत्न तेवढाच मोजायचा. काम फार सोपं असेल तर मेंदूला नवं काही मिळत नाही, फार अवघड असेल तर मूल दहा मिनिटांत हरतं. दहातले सहा-सात प्रयत्न जमतील आणि बाकीचे थोडक्यात हुकतील, अशा बेताने मी स्टुलाची उंची, माझ्या हाताचा आधार, वस्तूचं अंतर बदलत राहते. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं ते हेच. रडणारं मूल शिकत नाही. ते रडायला लागलं की मी थांबते, मग मागे कितीही मंडळी बसलेली असोत.

यावरून आठवतं ते रात्रीचं ताणणं. जेवणं झाली की आई तेल लावून मुलाचे पाय जोराने ताणते, मूल ओरडतं, आई डोळे पुसत आकडे मोजते. वर्षानुवर्षं घरोघरी हे चाललं आहे, कारण तसं सांगितलं गेलं. अशा ताणण्याने सांधा मोकळा होण्यात म्हणावा असा फरक पडत नाही, हे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात स्पष्ट झालं आहे. मी आयांना सांगते, तो अर्धा तास गोष्ट सांगा, खेळा, मालिश आवडत असेल तर मऊ हाताने करा. लक्ष ठेवायचं असेल तर खुब्यावर ठेवा. या मुलांतल्या साधारण एक तृतीयांशांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो, आधी दुखतही नाही, म्हणून ठरलेल्या काळाने एक्स-रे काढायलाच हवा.

आमचा हा पेशा या देशात पोलिओच्या बोटाला धरून आला. १९५३ साली मुंबईत केईएममध्ये फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली ती पोलिओच्या साथीनंतर. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, स्नायूला हुकूमच पोचत नाही. सेरेब्रल पाल्सीत हुकूम पोचतो, पण विस्कटलेला. ताठर स्नायूला ताकदीचा व्यायाम दिला तर तो आणखी ताठर होईल, ही लंडनच्या बोबाथ दांपत्याच्या परंपरेतली समजूत कितीतरी वर्षं टिकली. १९९० च्या दशकात डायन डमियानो यांनी ती मोडून काढली. ताठर स्नायू दुबळाही असतो, आणि ताकद कमावली तर त्याचं काही बिघडत नाही.

या उपचारांत वापरले जाणारे दोऱ्यांचे सूट आणि पिंजरे यांबद्दल थोडंच बोलते. रशियन अंतराळवीरांच्या 'पेंग्विन' सूटवरून रशियातच 'आदेली' सूट तयार झाला आणि पुढे जगभर पसरला. पिंजरा आमच्याकडेही आहे. लवचीक दोऱ्यांनी कमरेला सांभाळलं की मुलाला पडायची भीती न बाळगता चेंडू फेकता येतो आणि माझे हात मोकळे होतात. तेवढ्यासाठी तो चांगला. सूटमुळे आजार बरा होतो असं सांगून पैसे घेणं हे या घरांवर केलेला अन्याय आहे, यात मला जराही शंका नाही.

मोठ्यांत मला समाधान दिलं ते पन्नाशीच्या एका काकूंनी. उजवी बाजू गेलेली, चालणं बऱ्यापैकी परतलेलं. "मला भाकरी आली पाहिजे बघा," एवढंच त्यांचं मागणं. झटक्यानंतर माणूस दुबळा हात वापरायचं सोडून देतो आणि न वापरण्याचीच त्याला सवय लागते, हे एडवर्ड टाउब यांनी आधी माकडांत दाखवलं. चांगला हात जाड मोज्यात बंद करून दुबळ्याला कामाला लावण्याची पद्धत त्यातून निघाली. मनगट आणि बोटं थोडी तरी मागे उचलली जात असतील तरच ती लागू पडते. काकूंची उचलली जात होती. पहिले दहा-बारा दिवस डावा हात मोज्यात आणि उजव्याने पीठ मळणं, कणकेचा गोळा रेटणं, निवडलेली ज्वारी सुपातून डब्यात भरणं. पण भाकरीला दोन हात लागतात. थापणाऱ्या हाताचा तळवा सपाट उघडा हवा, दुसऱ्याने ती फिरवत राहायची. मग मोजा काढला. आधी उंच टेबलावर थापलं, मग जमिनीवर परात घेऊन. कडा फुटायच्या, भाकरी एका बाजूला जाड राहायची. काकू ती मोडून पुन्हा गोळा करायच्या, मी सांगायच्या आधीच. उजव्या हाताला चटका नीट कळत नव्हता, म्हणून तव्यावरचं सगळं काम डाव्याने आणि उलथन्याने, हे मी सुनेकडून वदवून घेतलं. आणि काकूंना उठवताना दुबळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो, कमरेला धरायचं, हेही.

हे सगळं पुण्यात भाड्याच्या खोलीत राहूनच का मिळावं? २०१३ पासून जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं निघाली आहेत. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांना ते नावही ठाऊक नसतं. पहिल्या दिवशी अर्ज भरून घेणं हाही मी माझ्या कामाचाच भाग मानते.

आणि मुलं मोठी होतात. मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी, मालिनीसाठी, १९७२ साली मुंबईत शाळा काढली. ती मुलगी पुढे एका बोटाने टाइप करत शिकली, लेखिका झाली. पण अठरा ओलांडलेल्यांसाठी आमच्या पेशात अजून जागा फार थोडी आहे. तिशी आली की सांधे दुखू लागतात, दम पुरत नाही, चालणारे चालणं सोडतात. सध्या माझ्याकडे असा एक तरुण येतो. घरून कॉम्प्युटरवर नोकरी करतो, चालायचं नाव काढत नाही. त्याची आई साठीच्या पुढे गेली आहे आणि पलंगावरून खुर्चीत त्याला तीच उचलते. "आईने मला उचलायचं बंद झालं पाहिजे," असं त्याने पहिल्याच दिवशी लिहून दिलं. पाय ताठ करून दहा सेकंद उभं राहता आलं आणि खुर्चीचा हात पकडून पाव वळण घेता आलं की ते होईल. गेल्या आठवड्यात त्याचे चार सेकंद झाले. पलंग दोन इंच उंच करायला सुताराला सांगितलं आहे.