मीटरवरचे किलोमीटर

डिलिव्हरी घेताना गिऱ्हाईक आधी मीटर बघतं. आकडा जरा मोठा दिसला की, ‘टेस्ट ड्राइव्हची गाडी गळ्यात मारताय काय?’ कोल्हापुरात हे तोंडावर विचारतात. यार्ड सांभाळणाऱ्याने त्याचा राग मानू नये.

शोरूममध्ये दिसतात त्या चार-सहा गाड्या. बाकी माल गावाबाहेरच्या यार्डात. पितृपक्षात डिलिव्हरी कोणी घेत नाही, यार्ड तुंबतं. मग दसऱ्याला सगळ्यांना एकदम गाडी हवी, आणि मागतील नेमका तो रंग आपल्याकडे नसतो. पुण्याच्या डीलरकडे असतो. दोन मॅनेजरांचं फोनवर जमतं: आमची लाल तिकडे, त्यांची पांढरी इकडे. एका गाडीसाठी ट्रेलर कोण पाठवणार? लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांतला ट्रेड सर्टिफिकेटचा नंबर लावायचा आणि गाडी चालवतच आणायची. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत याला मुभा आहे. पुणे ते कोल्हापूर, मीटरवर सव्वादोनशेच्या आसपास पडलेच. हे गिऱ्हाइकाला बुकिंगलाच सांगून टाकावं असं माझं मत. सेल्सवाल्यांना पटत नाही.

मला विचाराल तर किती पडले यापेक्षा कोणाच्या पायाखाली पडले, ते बघावं. नवं इंजिन दामटायचं नसतं, तसंच मोकळ्या हायवेला तासन्‌तास एकाच वेगात ठेवायचंही नसतं. चढाला गिअर न उतरवता गाडी रेटणाऱ्या ड्रायव्हरला मी पुन्हा किल्ली देत नाही, मग तो कितीही लवकर पोचवो.

आणि न चाललेली गाडी कोरीच असते असंही नाही. पावसाळाभर यार्डात उभ्या गाडीचं मी आधी बॉनेट उघडतो. वायरी उंदरांनी कुरतडल्यात का, ते बघतो. बॅटरीला मीटर लावतो, १२.४ व्होल्टच्या खाली गेली असेल तर चार्जिंगला. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो, तो दोन-चार ब्रेकांत निघून जातो. टायरचं तसं नाही. हवा कमी होऊन बरेच दिवस उभी राहिली तर टायर एकाच जागी दबतो आणि हायवेला थरथर लागते. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात: २८२५ म्हणजे टायर २०२५ च्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात बनला.

गाडी कोणत्या महिन्यात बनली, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. आरसी हातात आली की तिच्यावर महिना छापलेला दिसतो. मग फोन येतो, आणि सेल्सवाले तो मला जोडून देतात.