वीस तारखेच्या आधी

७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. ठाण्यातल्या कोपरीत कर सल्लागाराचं छोटं ऑफिस चालवताना माझा महिना या तारखांवरच चालतो. ३बीची तारीख चुकली की पार्टीला दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. त्यामुळे वीस तारखेला रात्री उशिरापर्यंत बसणं हे या धंद्यात ओघानंच आलं, असं मी बरीच वर्षं धरून चालले. माझी माणसं दमत होती आणि त्याचा दोष मी तारखांना, हँग होणाऱ्या पोर्टलला, कधी कधी त्या माणसांनाच देत होते. खरं तर ऑफिसात काम कसं फिरायचं, हे मीच ठरवलेलं होतं.

आमच्या पार्ट्या म्हणजे कोपरी कॉलनीतले कापडवाले, किराणावाले आणि रुळांपलीकडे वागळे इस्टेटमधली छोटी वर्कशॉप. कागद कधीही आणि कुठूनही यायचे. कोणी बिलांची पिशवी टेबलावर ठेवून जायचं, कोणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचं, तेही ऑफिसातल्या ज्या मुलीचा नंबर ओळखीचा तिच्या स्वतःच्या मोबाइलवर, रात्री अकरालासुद्धा. पार्टी तुटेल या भीतीनं मी कोणालाच नाही म्हटलं नाही. त्या भीतीची किंमत स्टाफनं मोजली.

याहून मोठी चूक माझ्या एका नियमात होती. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही रिटर्न फाइल करायचं नाही. १४ तारखेला पोर्टलवर २बी येतं, त्यात पुरवठादारांनी रिटर्नमध्ये दाखवलेली बिलं दिसतात. खरेदीच्या नोंदी त्याच्याशी जुळवल्या की क्रेडिट किती घेता येईल ते कळतं. मुलं ही जुळवणी वेळेत संपवायची. मग फायली माझ्या टेबलावर पडून राहायच्या, कारण दिवसभर मी पार्ट्यांना भेटत असे आणि तपासायला संध्याकाळी सातनंतर बसत असे. तपासून झालं की रिटर्न भरताना ओटीपी जायचा पार्टीच्या मोबाइलवर. दुकानदार तोवर दुकान बंद करून घरी गेलेला. त्यानं फोन उचलेपर्यंत ओटीपी बाद, मग पुन्हा पाठवा, पुन्हा फोन करा. डोंबिवलीहून येणारी माझी सगळ्यांत जुनी सहकारी त्या सहा आकड्यांसाठी खुर्चीत बसून असायची, एक डोळा घड्याळावर आणि लोकलच्या वेळेवर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही, तर होणारा हा परिणाम आहे, असं ती म्हणते. तिन्ही लक्षणं माझ्यासमोर होती. ‘टाका सस्पेन्सला, नंतर बघू’, म्हणजे न जुळणारी नोंद तात्पुरत्या खात्यात ढकला, हे वाक्य ऑफिसात रोज ऐकू यायला लागलं होतं आणि मी त्याला निष्काळजीपणा म्हणत होते.

मी उपाय केले ते वरवरचे. दिवाळीला जास्त बोनस दिला, येऊरला सहल काढली. मग प्रत्येकानं दिवसभरात काय केलं ते एक्सेलमध्ये भरायला लावलं. त्यानं काम वाढलं आणि आपल्यावर पाळत आहे, ही भावना घर करून बसली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण ती तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होती. माझ्याकडे माणसं कमी, म्हणून ती मर्यादा मी मनावरही घेतली नाही. याची मला आज लाज वाटते.

एका जुलैत, ३बी संपतं न संपतं तोच ३१ तारखेची आयकर रिटर्न्स अंगावर आली असताना, डोंबिवलीहून येणाऱ्या त्या सहकारिणीनं राजीनामा दिला. मी पगार वाढवते म्हटलं. ती म्हणाली, ‘मॅडम, कामाला मी घाबरत नाही. माझं काम सहाला संपतं. त्यानंतर मी फक्त तुमची आणि ओटीपीची वाट बघते.’ हे तिला विचारायला मी राजीनाम्यापर्यंत थांबले होते. ती थांबली नाही.

त्यानंतर बदल केले ते साधेच. कागदांसाठी ऑफिसचा एकच नंबर ठेवला, तो रात्री बंद. खरेदीची बिलं १० तारखेपर्यंत, नंतर आलेली पुढच्या महिन्यात. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या ज्या पार्ट्या तयार झाल्या त्यांना तिमाही रिटर्नच्या योजनेत घेतलं. तिथं पहिले दोन महिने फक्त २५ तारखेपर्यंत कर भरायचा असतो. ओटीपीची वेळ पार्टीशी आधी ठरवली, दुपारी, दुकानात गर्दी नसताना. माझी सकाळ तपासणीसाठी राखली. लहान रिटर्न्स दोन सहकारी एकमेकांची तपासतात. प्रत्येक फाइल दोघांना माहीत असते, म्हणून महिन्याच्या मध्यातही रजा मिळते. काही पार्ट्या नाराज होऊन गेल्या. बहुतेकांनी आठवडाभर कुरकुर केली आणि कागद वेळेवर द्यायला लागल्या.

जुलै अजून जड जातो, ते मला पूर्ण जमलेलं नाही. पण वीस तारखेला आता दिवे वेळेवर बंद होतात.

छोटं ऑफिस चालवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: तुमची माणसं दमलेली दिसली तर सहल ठरवण्याआधी त्यांच्या शेजारी बसा आणि कुठलं काम कोणासाठी अडून राहतं ते विचारा. उत्तरात तुमचं नाव आलं, तर सुधारणा तिथूनच सुरू करा.