संगणकाची मच्छरदाणी

पहिला पाऊस आला की मातीचा वास सुटतो, असं आपण सगळेच निबंधात लिहितो. पण त्याच पावसाबरोबर येणाऱ्या दुसऱ्या पाहुण्यांबद्दल कुणी लिहीत नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की खिडकीतून लांब पंखांचे किडे झुंडीने घरात शिरतात, आमटीत पडतात, मानेवरून फिरतात आणि सकाळी घरभर नुसते पंख! झाडू लावायला जावं, तर ते उडून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतात.

हे किडे म्हणजे पंख फुटलेली वाळवी. एरवी जमिनीखाली राहणारी वाळवी पहिल्या पावसानंतर नव्या वारुळासाठी बाहेर पडते, थोडंसं उडते, जोडी जमवते आणि पंख टाकून देते. (गंमत सांगू? वाळवी ही मुंगीची नव्हे, झुरळाची नातलग आहे बरं का!)

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत. माझी वहिनी घरातल्या संगणकावर लोकांचे अर्ज भरून देते. २०२५ साली अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हापासून दहावीच्या निकालानंतर ओटीवर मुलामुलींची नुसती रीघ लागते. कुणाचा दाखला, कुणाची गुणपत्रिका, कुणाचे आजोबा काठी टेकत तीन किलोमीटर चालून आलेले. संगणक मात्र जुना. उन्हाळ्यात तापला की आपोआप बंद पडायचा, म्हणून त्याच्या उभ्या डब्याचं एका बाजूचं झाकण वहिनीने काढूनच ठेवलं होतं. झाकण लावलं की दुपारी तो बंद पडणार; उघडं ठेवलं की रात्री पाखरं आत जाणार. आणि अर्जांची मुदत चार दिवसांवर!

आत किडा गेला तर असं काय मोठं होतं? होतं तर! प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांची एक जुडी असते. पट्ट्यांमधून हवा खेळली की उष्णता निघून जाते. तिथे पंख अडकले की हवेची वाट बंद. शिवाय किड्याचं अंग ओलं असतं, त्या ओलाव्यात क्षार असतात, म्हणजे त्यातून वीज वाहू शकते. दोन उघड्या टोकांवर तो आडवा पडला की झालं शॉर्टसर्किट.

ही भानगड संगणकाइतकीच जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचं अवाढव्य गणनयंत्र नीट चालेना. शोधाशोध केली, तर एका रिलेत, म्हणजे विजेने चालणाऱ्या खटक्यात, एक पतंग सापडला! तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवला आणि शेजारी लिहिलं की, खराखुरा 'बग' सापडल्याची ही पहिलीच वेळ. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. बग हा शब्द यामुळेच आला असं पुष्कळजण सांगतात, ते मात्र खरं नाही. एडिसनने १८७८ साली लिहिलेल्या पत्रातही यंत्रातल्या दोषाला हाच शब्द आहे. म्हणूनच तर हार्वर्डच्या मंडळींना 'खराखुरा' म्हणावंसं वाटलं!

तर आमच्या घरी सभा भरली. माझा आठवीतला पुतण्या म्हणाला, "काका, फवारा मारूया का डब्यावर?" अजिबात नाही! अशा फवाऱ्यातला वायू पेट घेऊ शकतो आणि त्याचा चिकट थर आतल्या भागांवर बसतो तो वेगळाच. मग तो म्हणाला, आईची जुनी साडी गुंडाळूया. दाट विणीच्या सुती कापडातून हवा जाणार कशी? त्यापेक्षा झाकण काय वाईट होतं?

आमच्या आईने मात्र प्रश्नाचं दुसरं टोक धरलं. ती म्हणाली, "अरे, पाखरं काय तुमच्या संगणकासाठी येतात? दिव्यासाठी येतात. आधी इथला दिवा मालवा!" तिच्या लहानपणी दिव्याखाली पाण्याची परात ठेवायचे. दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात पडायचं आणि किडे परातीत.

किडे दिव्याभोवती का फिरतात, याचंही उत्तर अलीकडे मिळालं आहे. पूर्वी वाटायचं, ते दिव्याला चंद्र समजतात. लंडन आणि फ्लोरिडाच्या शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं आणि जानेवारी २०२४ मध्ये आपलं संशोधन छापलं. उडताना कीटक आपली पाठ जास्त उजेडाकडे ठेवतात. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असतं, त्यामुळे एरवी पाठ वर राहते आणि सगळं सुरळीत चालतं. मध्येच दिवा आला की ते पाठ दिव्याकडे वळवतात आणि गरागरा फिरत बसतात. बिचारे अडकलेलेच असतात!

म्हणून आम्ही पांढरा झगझगीत दिवा पडवीत, परातीवर नेला. संगणकाच्या खोलीत पिवळसर दिवा लावला, कारण बऱ्याच कीटकांना निळा आणि अतिनील प्रकाश अधिक ओढतो, पिवळा कमी. पडद्याचा उजेडही वहिनीने उतरवला.

तरी चार पाखरं येणारच. त्यांच्यासाठी जाळी. स्वयंपाकघरात दुधाला जाळीचं कपाट असतं ना, तसंच. लाकडी पट्ट्यांची चौकट केली आणि तिच्यावर जुन्या मच्छरदाणीचं नायलॉन ताणून बसवलं. तारेची जाळी मुद्दाम टाळली. तिचा एखादा तुकडा तुटून आत पडला तर किड्यापेक्षा वाईट! चौकटीच्या कडेला स्पंजची पट्टी लावली, म्हणजे फट राहत नाही.

पुतण्याची शंका रास्त होती. जाळीनेही हवा अडणारच की! मग आम्ही हिशेब मांडला. पंखा १२ सेंटिमीटर लांबीरुंदीचा, म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. चौकट ४० बाय ४०, म्हणजे १६०० चौरस सेंटिमीटर, अकरा पट. तेवढीच हवा अकरा पट मोठ्या दारातून येणार, म्हणजे अगदी सावकाश येणार आणि सावकाश हवेला जाळी फारशी अडवत नाही. पंख्याच्या तोंडावरच जाळी बांधली असती तर मात्र त्याचा दम कोंडला असता. पंखा हवा आत घेतो की बाहेर टाकतो, ते आम्ही पतंगाच्या कागदाची पट्टी धरून पाहिलं. (हा पतंग उडवायचा, बरं का! एकाच शब्दाने दोघांनाही नाव दिलंय आपल्या भाषेने.)

हे सगळं संगणक बंद करून, प्लग काढून आणि मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करायचं. पंखे मऊ ब्रशने झाडताना पाती बोटाने धरून ठेवायची. आणि पॉवर सप्लायचा चौकोनी डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

त्या चार दिवसांत वहिनीने एकसष्ट अर्ज भरले. शेवटच्या रात्री अकरा वाजेपर्यंत संगणक चालू होता. सकाळी परातीत पंखांचा जाड थर साचलेला आणि डब्याच्या आत एकही पंख नाही!

जाळीवर धूळ साचते, म्हणून ती दर रविवारी धुवायचं काम पुतण्याकडे आहे. आता एक पालही रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला जाळीवर येऊन बसते. तिला आयतं जेवण मिळतं. वहिनी मात्र पालीला भिते. चौकट पुसायची वेळ आली की ओटीवरून हाक येते, "भावोजी, तुमची राखणदारीण उठवा आधी!"